हाफ क्लच ते हायवे

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी एक सवलत आहे. इंजिन ५० सीसीपेक्षा मोठं नसेल, तर अठरा पूर्ण व्हायच्या आधीही दुचाकी रस्त्यावर चालवता येते. सवलत अजून पुस्तकात आहे. तिच्यात बसणारी पेट्रोलची गाडी मात्र शोरूममधून केव्हाच गेली. एकेकाळी ती घरोघर होती. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये लूना आणली. पेडल मारून चालू व्हायची, चढ आला की पुन्हा पेडल मारून तिला मदत करावी लागायची, आणि उताराला वारा पाठीशी असला तरच ती जरा मनावर घ्यायची. दोन पिढ्यांनी तिच्यावर हात साफ केला. अंगात वेगच नसल्यामुळे तिच्यावरच्या बऱ्याच चुका गुडघ्यावर निभावायच्या.

आज मुलाच्या हाती पहिल्यांदा येते ती बाबांची शंभर-सव्वाशे सीसीची बाइक किंवा आईची स्कूटर. दोन्ही ऐंशीच्या घरात सहज जातात. परीक्षा संपल्या की मे महिन्यात गल्लोगल्ली हे शिक्षण सुरू होतं. मुलगा पुढे, बाबा नाहीतर मामा मागे, आणि घरामागच्या रस्त्यावर संध्याकाळच्या फेऱ्या. दोन-तीन दिवसांत गाडी बंद न पडता पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जायला लागते आणि घरात जाहीर होतं, "आली याला गाडी." दुसऱ्या दिवशी तो एकटा दूध आणायला जातो.

गिअर टाकता येणं म्हणजे गाडी येणं, ही समजूत या प्रकरणात मोडायची आहे. गाडी पुढे नेणं हा या विद्येतला सगळ्यात सोपा भाग. अवघड भाग त्यानंतर सुरू होतो, आणि नेमके तिथेच आपण मागच्या सीटवरून उतरतो.

याला जुना पुरावा आहे. अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकाच्या चमूने लॉस एंजेलिस परिसरातल्या मोटारसायकलच्या सुमारे ९०० अपघातांच्या जागी स्वतः जाऊन तपास केला. त्याचा अहवाल १९८१ मध्ये आला. अपघातात सापडलेल्या स्वारांपैकी ९२ टक्के लोक स्वतःच्या स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकले होते. निम्म्याहून अधिक जणांचा त्या विशिष्ट गाडीवरचा अनुभव पाच महिन्यांपेक्षा कमी होता. लॉस एंजेलिसचे रस्ते म्हणजे सांगली-मिरज रोड नव्हे, हे मान्य. पण घरी शिकणं आणि नवी गाडी या दोन गोष्टी आपल्याकडे त्याहून पातळ असतील असं मानायला काही आधार नाही.

आधी कायद्याचं उरकून घेऊ, कारण तो बहुतेकांना अर्धाच माहीत असतो. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. दंडाचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. त्याच कलमात पुढे असंही आहे की त्या मुलाला वयाची पंचवीस पूर्ण होईपर्यंत परवाना मिळणार नाही. हे फार थोड्यांना ठाऊक असतं. शिक्षण संपवून नोकरीला लागलेला तरुण रोज शेअर रिक्षा शोधतोय, कारण सतरा वर्षांचा असताना त्याला कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला पाठवलं होतं, असा याचा अर्थ. विम्याचंही तसंच. परवाना नसलेल्याच्या हातून अपघात झाला तर विमा कंपनी जखमीला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते.

"आम्ही रस्त्यावर नेतच नाही, मैदानावर शिकवतो," असं पुष्कळ पालक सांगतात. कायद्यात 'सार्वजनिक ठिकाण' म्हणजे जिथे लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा. एमआयडीसीतला रविवारचा सुनसान रस्ता, जत्रेचं मैदान, बाजार समितीचं आवार रिकामं असलं म्हणून खासगी होत नाही. अठराच्या आत शिकवायचं असेल तर स्वतःचं शेत, कुंपणाच्या आतलं आवार, तेवढंच. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांकडे तेही नसतं.

म्हणून सोळा ते अठरा ही दोन वर्षं वाया जातात असं नाही. रस्त्यावर नीट सायकल चालवणारं मूल निम्मी परीक्षा आधीच पास झालेलं असतं. मागे न वळता मागचा आवाज ओळखणं, खड्डा टाळताना आधी मागे कोण आहे ते पाहणं, उभ्या गाडीचं दार उघडेल या हिशोबाने हातभर अंतर सोडणं, हे सगळं सायकलवर बाणवता येतं. दुसरा उपाय आणखी सोपा. मुलीला गाडीवर मागे बसवता तेव्हा तिला रस्ता वाचायला लावा. "ती रिक्षा आता काय करेल?" "त्या पोराचा चेंडू कुठे जाईल?" सुरुवातीला ती कंटाळेल, मग चुरशीने उत्तरं देईल, आणि थोड्याच दिवसांत तुमच्याच चुका काढायला लागेल. तसं झालं की समजा, गाडी बरोबर चालली आहे.

मैदानावर

अठरा पूर्ण झाली, शिकाऊ परवाना हातात आला. तो सहा महिने चालतो आणि मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. बऱ्याच घरांत हे तीस दिवस तारीख उजाडायची वाट बघण्यात जातात. खरं तर शिकवायचं सगळं याच महिन्यात सुरू करायचं असतं. गाडीला पुढेमागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावायचा, आणि रस्त्यावर जायचं तर मागे पक्का परवाना असलेला शिकवणारा हवा. त्याच्याशिवाय कुणालाही मागे बसवायचं नाही. मित्र, धाकटी बहीण, आजी, कुणालाच नाही.

पहिली गाडी हलकी असावी. स्प्लेंडरसारखी शंभर सीसीची गाडी ११२ किलोच्या आसपास भरते, बुलेट ३५० भरते १९५ किलो. पंचावन्न किलोच्या मुलाला कलंडती स्प्लेंडर एका पायावर सावरता येते. बुलेट कलंडली की ती त्याला घेऊनच खाली जाते. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे निदान चवडे जमिनीला पुरेपूर टेकले पाहिजेत. "पुढे मोठी घ्यायचीच आहे, मग आत्ताच घेऊ," या युक्तिवादात मुलाचा हट्ट आणि बापाची राहून गेलेली हौस यांचं प्रमाण किती, ते ज्याने त्याने बघावं. आणि मुलीला स्कूटर, मुलाला बाइक ही वाटणीही कशाला? क्लच-गिअर दोघांना आलेलं बरं. गावाकडे अडल्यावेळी घरात जी गाडी उभी असेल ती काढावी लागते.

हेल्मेट मैदानावरसुद्धा. ते आयएसआय मार्कचंच हवं. १ जून २०२१ पासून दुसरं विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेच्या ढिगात कसलंही मिळतं. डोक्यात घातल्यावर मान जोरात हलवायला सांगा. हेल्मेट मागे राहिलं आणि डोकं आधी फिरलं तर माप मोठं आहे. पट्टा हनुवटीखाली लावला नाही तर पडताना हेल्मेट आधी निघून जातं आणि डोकं नंतर आपटतं. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन २००८ मध्ये कॉक्रेन या संस्थेने काढलेला निष्कर्ष असा की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी घटतो. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्ती झाली तेव्हा तिच्याविरुद्ध मोर्चा निघाला होता. तो वाद पुणेकरांना लखलाभ. शिकणाऱ्या मुलाच्या डोक्याशी त्याचा संबंध नाही. पायांत बूट, अंगात पूर्ण बाह्यांचं काहीतरी जाड, ओढणी असेल तर गाठ मारून आत खोचलेली.

इंजिन चालू करायच्या आधी तासभर बंद गाडीशी झटापट होऊ द्या. डाव्या बाजूला उभं राहून गाडी ढकलत न्यायची, उजव्या हाताच्या पुढच्या ब्रेकने थांबवायची, वळवायची, मागे घ्यायची. डबल स्टँडवर लावायची. इथे मुलं हातांनी ओढून दमतात. गाडी सरळ धरून स्टँडच्या दांडीवर अंगाचं सगळं वजन दिलं की ती आपोआप वर चढते. गाडीचं वजन कुठे असतं आणि किती कललं की हाताबाहेर जातं, हे थांबलेल्या गाडीवर कळलेलं स्वस्तात पडतं.

मग क्लच. पहिला गिअर टाकायचा आणि रेस अजिबात द्यायची नाही. दाबलेला क्लच अगदी सावकाश, केसाएवढा केसाएवढा सोडत यायचा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो आणि गाडी पुढे ओढ घेते. हात तिथेच थांबवायचा. हा हाफ क्लच. गाडी हातभर सरकली की क्लच पुन्हा दाबायचा, पाय टेकायचे, पुन्हा तेच. शंभर सीसीची गाडी सपाट जमिनीवर बिनरेसची चालत्या माणसाच्या वेगाने जाते. पाय जमिनीलगत ठेवून मैदानाची एक बाजू अशी पार झाली पाहिजे. मुलाला हे कंटाळवाणं वाटतं, त्याला दुसरा गिअर खुणावत असतो. घाई करू नका. पुढे ट्रॅफिकमध्ये, चढावर, सिग्नलला जे काही गाडी बंद पडणं आणि झटके खाणं होतं, त्याचं मूळ बहुधा हीच जागा हाताला नीट न सापडण्यात असतं.

नवशिक्यांच्या एका ठरावीक अपघाताचं कारणही इथेच आहे. क्लच एकदम सुटतो, गाडी झटका देऊन पुढे उडी मारते, अंग मागे जातं. मागे जाणारं अंग सावरायला मुलगा हँडल घट्ट धरतो, आणि घट्ट धरलेलं मनगट खाली वळून रेस आणखी पिळतं. गाडी सुसाट सुटते, समोर भिंत. अशा वेळी शिकवणारे "ब्रेक! ब्रेक!" ओरडतात. पायाखाली काय आहे हे त्या क्षणी मुलाला आठवतच नाही. आधीपासून एकच शब्द ठरवून ठेवा: "क्लच." काहीही बिनसलं की डावी मूठ आवळायची. क्लच दाबला की इंजिन कितीही बोंबललं तरी चाकाला ताकद मिळत नाही.

ही सवय एका मुलाला मात्र उलटी लागते. तो म्हणजे आधी स्कूटर शिकलेला. स्कूटरच्या डाव्या मुठीत मागचा ब्रेक असतो, बाइकच्या डाव्या मुठीत क्लच. घाबरला की तो सवयीने डावी मूठ आवळतो आणि थांबायच्या ऐवजी गाडी मोकळी घरंगळत पुढे जाते. म्हणून क्लच दाबणं आणि लगेच ब्रेक लावणं ही त्याच्या बाबतीत एकच कृती करून टाकायची. गिअरचाही असाच घोळ असतो. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढचा दांडा खाली दाबून पडतात. पल्सरसारख्या गाडीचा पहिला खाली आणि बाकीचे वर. बाबांच्या स्प्लेंडरवर तयार झालेला मुलगा मित्राची पल्सर घेतो, साठच्या वेगाने वरचा गिअर टाकायला म्हणून दांडा खाली दाबतो आणि गाडी झटक्यात खालच्या गिअरमध्ये जाते. मागचं चाक किंचाळतं. दुसऱ्याची गाडी घेतली की आधी उभ्या उभ्या गिअर चाचपायचे, हे बजावून सांगावं लागतं.

आता ब्रेक. "पुढचा ब्रेक लावू नको, उलटशील," हे वाक्य आपल्याकडे वंशपरंपरेने चालत आलं आहे. त्यात तथ्य एवढंच की पुढचा ब्रेक हिसक्याने दाबला, विशेषतः वळणावर किंवा वाळूत, तर गाडी घसरते. एरवी ब्रेक लागला की गाडीचं आणि माणसाचं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं, आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढचं चाकच करतं. मागचा एकटा ब्रेक ठासून दाबला की हलकं झालेलं चाक घसरायला लागतं आणि थांबायचं अंतर वाढतं. हर्टच्या अहवालातले स्वार हेच करत होते. मागचा ब्रेक जास्त, पुढचा कमी, गाडी आडवी.

मैदानावर फक्कीने एक रेघ मारा. वीसच्या वेगाने यायचं आणि रेघेपासून ब्रेक सुरू करायचा. पुढचा ब्रेक लिंबू पिळतो तसा, आधी हलका आणि मग जोर वाढवत. मागचा पायाने सोबतीला. गाडी सरळ, हँडल सरळ, नजर समोर. थांबल्यावर चाकापाशी खूण करायची. खुणा रेघेच्या जवळ जवळ यायला लागल्या की वेग तीसवर न्यायचा. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस आहे, खालच्यांना निदान सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दुसराही थोडा लागतो. बाबांची गाडी त्याआधीची असेल तर दोन्ही नाही, सगळी भिस्त बोटांवर. हा सराव पाऊस पडून गेल्यावरही एकदा व्हायला हवा.

हिशोबही त्याला करू द्या, बारावी सायन्सचा असेल तर आवडीने करेल. साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. धोका दिसून बोटं ब्रेकवर पोहोचेपर्यंत एक सेकंद धरला तर १७ मीटर तिथेच गेले. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, बऱ्या हाताने ब्रेक लावला तर आणखी साधारण २३. मिळून ४० मीटर. चाळीसच्या वेगाला हीच बेरीज २१ च्या आसपास येते. वेग दीडपट, अंतर जवळजवळ दुप्पट.

वळण शिकवताना एकच गोष्ट घोकून घ्यावी लागते: जिथे जायचं तिथे बघ. दगडाकडे बघत दगड टाळायला गेलेला मुलगा दगडावरच जातो. हळू वेगातला आठचा आकडा आरटीओच्या चाचणीत काढायला लावतात तो यासाठीच. हाफ क्लच, मागच्या ब्रेकवर हलका पाय, हनुवटी पुढच्या वळणाकडे. मुलं आठ पाठ करतात आणि चाचणी झाली की विसरतात. वेगात असताना मात्र वेगळंच घडतं. डावीकडे वळायला सुरुवातीला हँडल किंचित उजवीकडे ढकललं जातं, तेव्हा गाडी डावीकडे कलते. हे आपण सगळे न कळत करतो. विमानाच्या आधी ओहायोतल्या डेटनमध्ये सायकलचं दुकान चालवणाऱ्या विल्बर राइटने हे नेमकं हेरलं होतं. सायकलवाल्यांना विचारलं तर आपण वळतो कसे हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. मुलाला चाळीसच्या वेगात, मोकळ्या जागी, डावी मूठ हलकेच पुढे ढकलून बघायला सांगा. गाडी डावीकडे कलली की त्याचे डोळे चमकतात. आणि अचानक कुत्रं आडवं आलं तर वाकवायचं कसं, हे अंगात उतरतं.

रस्त्यावर

मैदानावरून रस्त्यावर आल्यावर शिकवणाऱ्याचं काम संपत नाही, बदलतं. हात आता ठीक चालतात. डोळे शिकवायचे असतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातांत गेली, त्यांतली सुमारे ४५ टक्के दुचाकीवरची होती. हर्टने तपासलेल्या अपघातांपैकी ज्यांत दुसरं वाहन होतं, त्यांतल्या दोन तृतीयांश वेळा चूक दुसऱ्याची होती. समोरच्याने बघितलंच नव्हतं. आणि धोका दिसल्यापासून टक्कर होईपर्यंत स्वाराला दोन सेकंदांपेक्षाही कमी वेळ मिळत होता. "माझी साइड होती" हे म्हणणं कोर्टात उपयोगी पडतं.

मागे बसून सूचनांचा मारा करू नका. "अरे, ब्रेक! अरे, बघ! अरे, हॉर्न!" यातून मूल एवढंच शिकतं की धोका मागून ऐकू येतो. त्यापेक्षा त्यालाच बोलायला लावा, जे मागे बसून करत होता तेच आता पुढे बसून. "डावीकडे एसटी थांबली आहे, पुढून कुणी पळत येईल. रिक्षाचं चाक वळलंय. दुभाजक तुटलाय, तिथून कुणी आडवं घुसेल." न बोलता पुढे गेला तर त्याने ते पाहिलं नाही असं धरा आणि कडेला थांबवून विचारा. ट्रक किंवा एसटीच्या मागे असताना त्यांचा आरसा आपल्याला दिसत नसेल तर ड्रायव्हरलाही आपण दिसत नाही. डावीकडून घुसायचं नाही, कधीच नाही. डाव्या वळणावर ट्रकचं मागचं चाक आत येतं आणि तिथे जागाच उरत नाही. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं. ते ठेवलं की कुणीतरी कट मारून त्या जागेत घुसतंच. घुसू द्यायचं आणि पुन्हा मागे व्हायचं. हे शिकवणं सगळ्यात कठीण, कारण अठराव्या वर्षी मागे होणं हा अपमान वाटतो, आणि बाबांना गाडी चालवताना त्याने लहानपणापासून पाहिलेलं असतं.

दिवसा समोरून येणारा कुणीतरी मूठ उघडझाप करून "लाइट चालू आहे" अशी खूण करेल. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर चालू राहतो, तसा नियमच आहे. लाजून स्विच शोधत खाली बघू नको, एवढं सांगून ठेवा.

रात्र, पाऊस, डबलसीट

न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने परवाना द्यायची पद्धत सुरू केली. नव्या चालकाला सुरुवातीला रात्री उशिरा गाडी चालवायची मुभा नाही, सोबत मित्रांना न्यायची मुभा नाही; अनुभव वाढेल तसे निर्बंध सुटतात. नंतर कितीतरी देशांनी ती उचलली. आपला कायदा पक्का परवाना देतो तो एकदम सगळ्याचा: रात्र, पाऊस, घाट, डबलसीट, हायवे. टप्पे घरानेच पाडायचे. आधी दिवसा, कोरड्या रस्त्यावर, एकट्याने, ओळखीच्या भागात. बाकीचं एकेक करून, आणि एका वेळी एकच नवी गोष्ट. पहिली रात्र आणि पहिला पाऊस एकत्र आले तर त्या दिवशी रिक्षा करायची.

पावसाचा पहिला आठवडा सगळ्यात वाईट. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं तेल, डिझेल, धूळ पहिल्या सरीने वर येतं आणि त्याचा राप तयार होतो. झेब्रा पट्ट्यांचा रंग आणि गटाराची लोखंडी झाकणं ओली झाली की त्यांच्यावर ब्रेक लावायचा नाही, गाडी वाकवायची नाही. कोकणात लाल माती रस्त्यावर वाहून येते, देशावर ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे हे दिसत नाही, म्हणून पुढच्या गाडीचं चाक कसं बुडतं ते बघत जायचं.

रात्रीचं गणित वेगळं. शंभर सीसीच्या गाडीचा दिवा जेवढं दाखवतो तेवढ्यात थांबता आलं पाहिजे, म्हणजे अंधाऱ्या रस्त्यावर चाळीसच. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगरच्या मुलांना एक गोष्ट वेगळी शिकवायला हवी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गळीत हंगाम सुरू झाला की रात्रभर उसाच्या ट्रॉल्या धावतात. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबणारा, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर पाचटाखाली झाकलेला. पंक्चर झाली तर ट्रॉली रस्त्यातच उभी, मागे दोन दगड, तेच इशारा. समोरून येणाऱ्या गाडीने अप्पर मारून डोळे दिपवले की त्या एक-दोन सेकंदांत आपल्या पुढ्यात अशी ट्रॉली असेल असंच धरून चालायचं. रेस सोडायची, नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर, आणि समोरचं दिसेपर्यंत ब्रेकवर बोटं.

मित्राला मागे बसवायची परवानगी सगळ्यात उशिरा. साठ किलो मागे बसले की गाडी उचलते उशिरा, थांबते उशिरा, वळताना मागचा माणूस उलट बाजूला झुकला तर हँडलच भांडायला लागतं. त्याहून मोठा फरक डोक्यात पडतो. एकटा असताना जो सिग्नलला थांबतो, तोच मागे दोस्त असला की पिवळ्यावर काढतो. मागच्यालाही हेल्मेट कायद्याने लागतं. दोन हेल्मेट नसतील तर डबलसीट नाही, एवढा एकच नियम लावला तरी ट्रिपलसीटचा प्रश्न परस्पर मिटतो.

हायवे शेवटी. रविवारी पहाटे उजाडल्यावर, तीस-चाळीस किलोमीटरचा फेरा, मुलगी पुढे आणि तुम्ही दुसऱ्या गाडीवर मागे. साठच्या वर जायचं नाही. ट्रक बाजूने गेला की आधी वारा ढकलतो आणि मग आत ओढतो, हे आधी सांगून ठेवलं म्हणजे ती हँडल आवळून धरत नाही. दुभाजक तोडून गावकऱ्यांनी केलेल्या फटी, पेट्रोल पंपातून उलट्या दिशेने येणाऱ्या गाड्या, उड्डाणपुलाच्या तोंडाशी ऐन वेळी लेन बदलणारे, हे सगळं मागून तुम्हाला दिसतंच. तिला दिसलं की नाही ते तिचा ब्रेकचा दिवा सांगतो. चहाच्या टपरीवर गाड्या लावल्या की विचारा, येताना कुठे पोटात गोळा आला. उत्तर "कुठेच नाही" असं आलं, तर परतताना आणि पुढच्या रविवारीही मागेच राहा.